भाकीत हस्तांदोलनावरून नको!

दोन देशांचे प्रतिनिधी वाटाघाटींस बसले की भाकितांना ऊत येतो. नेते एकांतात किती वेळ बोलले, कोण हसले, संयुक्त निवेदनास विलंब का झाला, यावरून फलिताचे अंदाज बांधले जातात. मांडव सजला म्हणून विवाह ठरला, असे मानण्यासारखेच हे! वस्तुतः वाटाघाटींचे फलित तीन प्रश्नांत दडलेले असते. कोणाच्या हाती काय आहे? घाई कोणाला आहे? आणि दिलेला शब्द मोडल्यास मोडणाऱ्याला काय गमवावे लागेल?

सिमल्याचेच उदाहरण घ्यावे. जुलै १९७२ मध्ये भारताच्या हाती सुमारे ९३ हजार युद्धकैदी आणि पश्चिम आघाडीवर जिंकलेला पाच हजार चौरस मैलांहून अधिक भूभाग होता. युद्धकैद्यांना कायमचे डांबून ठेवता येत नाही, हा करारसमर्थकांचा युक्तिवाद खराच आहे. पण मग भूमी हेच आपले टिकाऊ बळ होते. त्यातील आंतरराष्ट्रीय सीमेपलीकडील भूमी डिसेंबरपर्यंत परतही करण्यात आली! बदल्यात मिळाले ते नियंत्रण रेषेचा आदर करण्याचे आणि वाद द्विपक्षीय चर्चेने सोडविण्याचे लेखी वचन. या रेषेला कालांतराने सीमेचे रूप देण्यास भुट्टोंनी संमती दिली होती, असे इंदिरा गांधींचे सचिव पी. एन. धर यांनी पुढे लिहिले. पण ती संमती तोंडी! वचन मोडल्यास पाकिस्तानला काय गमवावे लागणार होते? काहीही नाही. म्हणजे फलित त्याच दिवशी दिसत होते.

फेब्रुवारी १९९९ मध्ये लाहोरच्या स्वागताने अनेकजण भारावले. त्याच उन्हाळ्यात कारगिलची शिखरे जवानांना रक्त सांडून परत घ्यावी लागली. एप्रिल २०२५ मध्ये तर सिमला करारासह सर्व द्विपक्षीय करार स्थगित ठेवण्याचा अधिकार पाकिस्तानने बोलून दाखविला.

हा नियम महासत्तेलाही चुकलेला नाही. २९ फेब्रुवारी २०२० रोजी दोहा येथे अमेरिकेने चौदा महिन्यांत सैन्य माघारी नेण्याचे तालिबानला मान्य केले. अफगाण सरकार त्या करारात पक्षकारच नव्हते. घाई कोणाला होती, हे तारखेनेच सांगितले. १५ ऑगस्ट २०२१ रोजी तालिबान काबूलमध्ये शिरले.

तेव्हा पुढील परिषदेच्या छायाचित्रांनी हुरळून जाण्यापूर्वी हे तीन प्रश्न जागरूक नागरिकांनी विचारावेत आणि राज्यकर्त्यांकडे, मग ते कोणत्याही पक्षाचे असोत, त्यांची उत्तरे मागावीत. रणांगणावर जिंकून तहात हरण्याची किंमत अखेर सीमेवरील जवानच चुकवत असतो!