‘घरगुती कारण’ नावाची पळवाट

यवतमाळ शहराला लागून, दारव्ह्याच्या रस्त्यावर लोहारा वसले आहे. एकीकडे औद्योगिक वसाहत आणि तीत डेनिम कापडाची गिरणी. दुसरीकडे पऱ्हाटी आणि सोयाबीनची कोरडवाहू शेती. गिरणीत कायम नोकरी मिळण्याची आशा थोड्यांनाच, आणि शेतीवर संसार चालण्याची आशा त्याहून थोड्यांना. अशा गावांतील तरुण सैन्याच्या वा निमलष्करी दलाच्या भरतीकडे वळला तर त्यात नवल नाही. सैन्याच्या भरतीत त्याला १.६ किलोमीटर धावून दाखवावे लागते, नऊ फुटांचा खड्डा उडी मारून ओलांडावा लागतो, छाती मोजून घ्यावी लागते. घरच्या सातबाऱ्यावर किती बोजा चढला आहे, हे मात्र तेथे कोणी मोजत नाही. तो बोजा पाठीवर घेऊनच तो काश्मीरच्या सीमेवर किंवा दंडकारण्याच्या जंगलात उभा राहतो.

आणि तेथे एखाद्या दिवशी त्याचे मन मोडले, तर सरकारच्या दप्तरात त्याचे कारण दोन शब्दांत नोंदले जाते : घरगुती कारण.

केंद्रीय गृहमंत्रालयाच्या अखत्यारीतील सशस्त्र दलांत २०२० ते २०२४ या पाच वर्षांत ७३० जवानांनी आत्महत्या केल्याचे सरकारनेच राज्यसभेत सांगितले आहे. याच काळात ५५ हजारांहून अधिक जवान राजीनामा देऊन वा स्वेच्छानिवृत्ती घेऊन बाहेर पडले. मंत्रालयाने नेमलेल्या कृतिदलाला असे आढळले की, आत्महत्येच्या ८० टक्क्यांहून अधिक घटना जवान सुट्टीवरून परतल्यानंतरच्या आहेत. कारणे कोणती? जोडीदाराचा वा आप्ताचा मृत्यू, वैवाहिक कलह, पैशाची ओढाताण, मुलांच्या शिक्षणाची आबाळ. म्हणजे दोष घराचा. दलाचा नव्हे, सरकारचा तर नव्हेच!

ही आकडेवारी नीट वाचली तर तिचा अर्थ नेमका उलटा निघतो. जवान घरी जातो, थकलेले कर्ज आणि भावकीचा तंटा पाहतो, आजारी आईला पाहतो. आणि यातले काहीही मार्गी लागण्यापूर्वी त्याची सुट्टी संपते. घर त्याला मारीत नाही. घर संकटात असताना आपण तेथे नाही आणि असूही शकत नाही, ही जाणीव त्याला मारते. ती परिस्थिती त्याच्या नोकरीने निर्माण केलेली आहे. तिला खासगी म्हणणे हा भाषेचा खेळ झाला.

यवतमाळ जिल्ह्याला हा खेळ नवा नाही. याच जिल्ह्यात शेतकऱ्यांच्या आत्महत्या ‘पात्र’ आणि ‘अपात्र’ अशा दोन रकान्यांत वाटल्या गेल्या. जमीन नावावर आहे काय, कर्ज मान्यताप्राप्त संस्थेचे आहे काय, वसुलीचा तगादा होता काय, हे तपासून एक लाखाची मदत द्यायची की नाही ते ठरू लागले. बिनपरवाना सावकाराचे कर्ज असले तर घर अपात्र. व्यसन वा घरातील भांडण नोंदले गेले तर मृत्यू घरगुती. जुलै २००६ मध्ये तत्कालीन पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग विदर्भात आले आणि यवतमाळसह सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांची योजना जाहीर झाली. रकान्यांची पद्धत तरीही चालूच राहिली. बापाचा मृत्यू ज्या शब्दाने अपात्र ठरतो, त्याच शब्दाने मुलाचाही मृत्यू बराकीत खासगी ठरावा, हा योगायोग नाही. जबाबदारी झटकणाऱ्या राज्यसंस्थेची ती एकच लेखणी आहे.

आता यावर उपाय म्हणून जवानांचे मनोबल वाढविण्याची, त्यांना ताण सोसण्यास ‘सक्षम’ करण्याची शिबिरे भरतात. योग, ध्यान, श्वसनाचे व्यायाम, व्याख्याने. यांची टवाळी करण्याचे कारण नाही. गोळीबारात भान न सोडणे शिकविता येते. कडक सराव आणि सोबत्यांवरील विश्वास यांनी भीती आवरता येते, हे जगभरच्या सैन्यांचा अनुभव सांगतो. पण तोच अनुभव या शिक्षणाची मर्यादाही सांगतो. दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या आघाडीवरील सैनिकांचा अभ्यास करून अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांनी १९४६ मध्ये असा निष्कर्ष मांडला की, लढाईची सवय कोणालाच होत नाही. पुरेसे दिवस आघाडीवर ठेवला तर कणखरातला कणखर माणूसही खचतो, म्हणून आघाडीवरील मुक्कामाला निश्चित मुदत हवी. त्याच अमेरिकेच्या सैन्याने २००९ पासून सर्व सैनिकांना मानसिक कणखरपणा शिकविण्याचा मोठा खर्चिक कार्यक्रम हाती घेतला. २०१४ मध्ये तेथील वैद्यकशास्त्र संस्थेने अशा कार्यक्रमांचा परिणाम तपासला, तेव्हा पुरावा तोकडा असल्याचे दिसून आले. सैनिकाला शिकविणे सोपे असते. त्याची परिस्थिती बदलणे सरकारला महाग पडते.

भूसेनेची स्थिती वेगळी आहे असेही नाही. युनायटेड सर्व्हिस इन्स्टिट्यूशन या संरक्षणविषयक संस्थेसाठी एका कर्नलनेच केलेल्या अभ्यासात निम्म्याहून अधिक सैनिक तीव्र ताणाखाली असल्याचे म्हटले होते. कारणांत नेतृत्वाचा निकृष्ट दर्जा, रजा नाकारणे, बदल्या-बढत्यांतील अन्याय, निवासाची टंचाई यांचा समावेश होता. जानेवारी २०२१ मध्ये या अभ्यासाचा गवगवा होताच पाहणीतील सैनिकांची संख्या अपुरी असल्याचे सांगून सैन्याने तो नाकारला. संख्या अपुरी असेल तर मोठी पाहणी करावी! आरसा लहान आहे म्हणून तो फोडण्यात शौर्य कसले?

तक्रार करणाऱ्या सैनिकाचे काय होते, हे महाराष्ट्राने नाशिकजवळच्या देवळाली छावणीत पाहिले आहे. अधिकाऱ्यांच्या घरची कामे सैनिकांकडून करून घेणाऱ्या ‘सहायक’ प्रथेविषयी छुप्या चित्रीकरणात बोललेला केरळचा एक लान्सनायक मार्च २०१७ मध्ये तेथे मृतावस्थेत आढळला. गुन्हा दाखल झाला तो ते चित्रीकरण करणाऱ्या पत्रकार महिलेवर, तोही शासकीय गुपिते कायद्याखाली. २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो रद्द केला. ज्या प्रथेविषयी तो सैनिक बोलला, ती बंद करावी अशी शिफारस संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीने २००८ मध्येच केली होती.

लोहाऱ्याच्या गिरणीतला कामगार संघटना करू शकतो, फाटकावर घोषणा देऊ शकतो. त्याच गावचा जवान हे करू शकत नाही. संविधानाच्या अनुच्छेद ३३ ने त्याच्या मूलभूत हक्कांना मुरड घालण्याचा अधिकार संसदेला दिला आहे. शिस्तीसाठी ते आवश्यक आहे असे मानले, तर ज्याचा आवाज काढून घेतला त्याचे गाऱ्हाणे स्वतःहून ऐकण्याचे दुप्पट कर्तव्य राज्यावर येते. प्रत्यक्षात १९५० च्या सेना कायद्याच्या कलम ६४ नुसार आत्महत्येचा प्रयत्न हाही अपराध आहे. नागरिकांसाठी २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने अशा माणसाला तीव्र ताणाखालचा मानून आधार देण्याचे तत्त्व स्वीकारले. मन खचल्याचे सांगण्यात जेथे शिक्षेचे, बढती हुकण्याचे आणि हसे होण्याचे भय आहे, तेथे समुपदेशकाच्या दारात कोण जाईल?

त्यात २०२२ पासून अग्निपथ योजनेची भर पडली आहे. चार वर्षांची नोकरी, नंतर पंचवीस टक्क्यांनाच कायम होण्याची संधी, बाकीच्यांना निवृत्तिवेतन नाही. सीमेवरील धोक्याच्या जोडीला उद्याच्या भाकरीची धास्ती देऊन त्याच तरुणाला निश्चिंत मनाने लढण्यास सांगणे, ही क्रूर थट्टा आहे.

म्हणून मागण्या साध्या आहेत. रजा ही वरिष्ठांची मेहेरबानी न राहता हक्क व्हावी. वर्षातील शंभर दिवस कुटुंबासोबत, हे जवानांना दिलेले आश्वासन सर्वांच्या बाबतीत पाळले जावे. जोखमीच्या तैनातीची मुदत ठरलेली असावी. समुपदेशक दलाच्या अधिकारसाखळीबाहेरचा असावा. आणि जवानाच्या घरचे कर्ज, जमिनीचा तंटा, आजारपण यांत लक्ष घालण्याची बंधनकारक जबाबदारी तहसीलदार आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय यांच्यावर टाकावी. यात क्रांतिकारक असे काही नाही. सैनिक आघाडीवर असताना न्यायालयात त्याच्या पाठीमागे निकाल लागू नये, यासाठी १९२५ मध्ये इंग्रज सरकारनेच भारतीय सैनिक (दावे) कायदा केला होता. सैनिकाचे घर सुरक्षित नसेल तर बंदूक स्थिर राहत नाही, हे परक्या राज्यकर्त्यांना कळत होते.

स्वकीय सरकारला ते कळत नाही असे कोण म्हणेल? कळते, पण कळले असे मान्य केले की पैसा द्यावा लागतो, अधिकाऱ्यांना जाब विचारावा लागतो, आणि कोरडवाहू शेतीच्या प्रश्नालाही हात घालावा लागतो. त्यापेक्षा ‘घरगुती कारण’ हे दोन शब्द स्वस्त पडतात. ज्या घराने देशाला आपला मुलगा दिला, त्या घराचे कोणतेही दुःख देशाच्या लेखी घरगुती असू शकत नाही. दप्तरातून ते दोन शब्द आधी खोडले पाहिजेत. मनोबलाची शिबिरे त्यानंतर खुशाल भरवावीत.