‘खरे’ कोणाला म्हणावे? : तीन निकालांचे फलंदाज आणि आपले मापदंड

फलंदाजाने चेंडू मारला तर थेट कुंपणापार मारायचा, नाहीतर स्ट्राइकआउट होऊन परतायचे किंवा वॉक मिळवून आरामात पहिल्या बेसवर चालत जायचे, अशा बेसबॉलला खेळ म्हणावे काय, असा प्रश्न अमेरिकेत गेली काही वर्षे तावातावाने विचारला जातो. विचारणाऱ्यांचे दुःख आम्हांला समजते. मात्र त्यांनी आरोपीच्या पिंजऱ्यात भलत्याच माणसाला उभे केले आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. या फलंदाजाच्या बचावासाठी आकडेशास्त्र्यांनी जी भाषा वापरली, तीही आम्हांला मान्य नाही. साहित्याच्या अध्यापकांनी या वादात का पडावे, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर सोपे आहे. हा वाद मुळात एका विशेषणाचा आहे, आणि विशेषणे तपासून पाहणे हा तर आमचा व्यवसायच आहे.

क्रिकेटवर पोसलेल्या वाचकांसाठी थोडे स्पष्टीकरण आवश्यक आहे. बेसबॉलमध्ये तीन स्ट्राइक पडले की फलंदाज बाद होतो, हा स्ट्राइकआउट. चार चेंडू ठरलेल्या पट्ट्याबाहेर पडले आणि फलंदाजाने ते सोडून दिले, की त्याला पहिला बेस फुकट मिळतो, हा वॉक. चेंडू कुंपणापार गेला की होम रन. या तिन्ही निकालांत पिचर, कॅचर आणि फलंदाज एवढ्यांचाच संबंध येतो. उरलेले सात क्षेत्ररक्षक जागच्या जागी उभे राहतात. म्हणून १९९० च्या दशकात आकडेप्रेमी रसिकांनी काहीशा विनोदाने यांना नाव दिले, ‘तीन खरे निकाल’. रॉब डीअर हा फलंदाज त्यांचे कुलदैवत ठरला. १९९१ साली डेट्रॉइटकडून खेळताना डीअरची सरासरी ०.१७९ होती. त्याच हंगामात त्याने २५ होम रन मारले, ८९ वॉक मिळवले आणि तो १७५ वेळा स्ट्राइकआउट झाला. त्याच्या निम्म्याहून अधिक खेळ्या या तीन निकालांतच संपल्या.

आता पहिल्या पक्षाकडे वळू. हा पक्ष नीतिवाद्यांचा. यांच्या दृष्टीने स्ट्राइकआउट हे जवळजवळ चारित्र्याचे वैगुण्य आहे. अमेरिकी साहित्याने या समजुतीला खतपाणीच घातले. १८८८ साली प्रसिद्ध झालेल्या ‘केसी ॲट द बॅट’ या कवितेतला नायक दोन चेंडू गर्वाने सोडतो आणि तिसऱ्यावर हवेतच बॅट फिरवून गावाला शोकात लोटतो. १९५२ च्या ‘द नॅचरल’ या बर्नार्ड मॅलमड यांच्या कादंबरीत नायक रॉय हॉब्ज अखेरीस स्ट्राइकआउट होतो, आणि ती त्याच्या नैतिक पडझडीची परिणती आहे. १९८४ साली तिच्यावर चित्रपट निघाला तेव्हा निर्मात्यांनी शेवटच फिरवला आणि हॉब्जला होम रन मारायला लावले. पडद्यावर नायकाला उजळायचे तर स्ट्राइकआउट पुसावाच लागतो, एवढी ही समजूत पक्की आहे.

परंतु कथेतले प्रतीक आणि मैदानावरील घटना यांत फरक करायला नको काय? मैदानावर स्ट्राइकआउट म्हणजे एक बाद, यापलीकडे बहुधा काहीच नसते. उलट जमिनीलगत मारलेल्या दुबळ्या फटक्यावर एकाच वेळी दोघे बाद होऊ शकतात. स्ट्राइकआउटमध्ये तो धोका कमी. रेजी जॅक्सन कारकिर्दीत २५९७ वेळा स्ट्राइकआउट झाला. हा उच्चांक आहे. त्याच जॅक्सनने ५६३ होम रन मारले आणि १९९३ साली त्याला हॉल ऑफ फेममध्ये स्थान मिळाले. त्याची पापे मोजायची तर पुण्यही त्याच वहीत मांडावे लागते.

नीतिवाद्यांचे लाडके हत्यार म्हणजे सरासरी. २०२३ साली फिलाडेल्फियाच्या काइल श्वार्बरची सरासरी ०.१९७ होती, आणि तिच्यावर बरीच थट्टा झाली. ही सरासरी काय सांगते? ती वॉक हिशेबातच धरत नाही. एका बेसचा फटका आणि होम रन यांना ती समान लेखते. श्वार्बरने त्या वर्षी १२६ वॉक मिळवले आणि ४७ होम रन मारले. त्याचे एका बेसचे फटके होते ४८. म्हणजे ज्या दोन गोष्टी तो उत्तम करतो त्यांपैकी एक सरासरीला दिसत नाही, आणि दुसरीचे मोल तिला कळत नाही. ज्याला कविता कळत नाही त्याने ओळी मोजून कवीला गुण द्यावेत, तशातला हा प्रकार आहे. तो २१५ वेळा स्ट्राइकआउट झाला हे खरेच. पण त्याचा हिशेब मांडताना उरलेल्या दोन रकाने झाकून ठेवणे याला समीक्षा म्हणता येत नाही.

इथवर आम्ही आकडेशास्त्र्यांच्या बाजूने आहोत. पुढे मात्र वाट वेगळी होते. क्षेत्ररक्षकांचा हात न लागलेले निकाल वेगळे काढणे हा अभ्यासाचा उत्तम मार्ग होता. २००१ साली व्होरोस मॅक्रॅकेन यांनी मांडले की मैदानात पडलेल्या चेंडूचा फटका होतो की झेल, यावर पिचरचा ताबा आपण समजतो त्याहून फारच थोडा असतो. या मांडणीने पिचरचे मूल्यमापन बदलले, आणि ते योग्यच झाले. आमचे भांडण या पद्धतीशी नाही. जे वेगळे काढता आले त्याला ‘खरे’ म्हणण्याशी आहे. विनोदाने दिलेले नाव गंभीरपणे रूढ झाले, आणि मोजण्याच्या सोयीला हळूहळू मूल्याचा मान मिळाला.

शिवाय हे निकाल तितके निर्भेळ तरी आहेत काय? होम रन कुंपणावर अवलंबून असतो. बोस्टनच्या फेनवे पार्कमधली डावीकडची भिंत ३७ फूट उंच आहे; डेन्व्हरच्या कूर्स फील्डमध्ये समुद्रसपाटीपासून सुमारे मैलभर उंचीवरच्या विरळ हवेत चेंडू लांब जातो. पट्ट्याच्या कडेचा चेंडू आत की बाहेर, हे वर्षानुवर्षे पंचाच्या नजरेने ठरत आले, आणि चतुर कॅचर ती नजर वळवू शकतो. म्हणजे ‘खऱ्या’ निकालातही भिंत आहे, हवा आहे, तिसरा माणूस आहे. मग दोन क्षेत्ररक्षकांच्या मधून निसटलेला चेंडूच तेवढा खोटा कसा?

मराठी समीक्षेच्या विद्यार्थ्यांना ही चूक ओळखीची वाटेल. कलाकृती तिच्या परिसरातून वेगळी काढून तपासावी, ही शिस्त आपण शिकलो आणि तिचा लाभही झाला. पण जे वेगळे काढता आले तेवढेच वाङ्मयीन आणि उरलेले सारे ‘साहित्यबाह्य’, असे म्हणू लागताच शिस्तीचा पंथ झाला. आमच्या पेशातही शोधनिबंध मोजता येतात, परिषदा मोजता येतात; वर्गात एखादी कविता एखाद्या मुलीच्या मनात कायमची रुतते, तो तास मोजता येत नाही. तो तास खोटा होता असे तोंडाने कोणी म्हणत नाही, पण रकाना नसला की तेच म्हटल्यासारखे होते.

आता मूळ तक्रारीकडे. खेळ बदलला, यात शंका नाही. २०१८ साली मेजर लीगमध्ये प्रथमच स्ट्राइकआउटची संख्या (४१,२०७) यशस्वी फटक्यांच्या संख्येहून (४१,०१८) अधिक झाली. सात माणसे ताटकळत उभी राहतात, हे पाहणाऱ्याला कंटाळवाणे वाटले तर ती त्याची रास्त अभिरुची आहे. परंतु पिचरचा वेग वाढत गेला, फलंदाजाचा फटका जिकडे जातो तिकडे तीन-तीन क्षेत्ररक्षक उभे राहू लागले. अशा वेळी त्यांच्या डोक्यावरून मारणे यात आळस कुठला? तो परिस्थितीला दिलेला विचारी प्रतिसाद होता. लीगलाही अखेर हे उमगले. २०२३ साली तिने दुसऱ्या बेसच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन क्षेत्ररक्षक राहतील असा नियम केला. तिने फलंदाजाला उपदेश केला नाही, त्याच्यासमोरची परिस्थिती बदलली. टीकाकारांनी यातून शिकावे.

तात्पर्य, श्वार्बरला त्याच्या पद्धतीने खेळू द्यावे, आणि ज्यांना तो खेळ आवडत नाही त्यांनी ‘आम्हांला आवडत नाही’ एवढेच म्हणावे. त्याला नीतीचा मुलामा देऊ नये. आकडेशास्त्र्यांनी त्या तीन निकालांना ‘क्षेत्ररक्षकांविना निकाल’ म्हणावे. नाव थोडे लांब आहे, पण ते जेवढे मोजते तेवढेच बोलते. ‘खरे’ हा शब्द मात्र त्यांनी परत करावा. तो संपूर्ण मैदानाचा आहे.