शाळेच्या बाकावर बसायचा हक्क कुणाचा? या उन्हाळ्यातल्या तीन सिनेमांच्या निमित्ताने

ईदपासून शाळा उघडेपर्यंतच्या दिवसांत आम्ही घरच्यांनी मिळून पाच सिनेमे पाहिले. आम्ही काही समीक्षक नाही. पेशाने शिक्षक, सुट्टीत मुलांचा हट्ट पुरवणारे साधे प्रेक्षक. सिनेमा पाहावा की नाही, यावर आपल्या घराघरांत वेगवेगळी मतं आहेत आणि त्या मतांचा आदर राखूनच हे लिहितो आहोत. पण मुलं पाहतातच, थिएटरमध्ये नाही तर मोबाईलवर. मग मोठ्यांनी सोबत बसून पाहिलेलं आणि घरी आल्यावर त्यावर बोललेलं बरं, एवढंच आमचं म्हणणं.

सुरुवात ईदला झाली. सलमान खानचा ‘सिकंदर’ ३० मार्चला लागला आणि दुसऱ्या दिवशी ईद. मुलांनी ईदीचे पैसे एकत्र केले, वर थोडे आम्ही घातले. आमच्या तालुक्याच्या गावात एकच जुनं थिएटर आहे, ते खचाखच भरलेलं. अर्धा मोहल्ला तिथेच भेटला. सिनेमा मात्र यथातथाच. भाईजान थकलेले वाटले, गोष्टीला ना शेंडा ना बुडखा. धाकटा मध्यंतरानंतर झोपला, यातच काय ते आलं.

या सगळ्याच्या मागे एक वातावरण होतं, ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. फेब्रुवारीत ‘छावा’ आला आणि त्याने देशभरात ६०० कोटींच्या वर धंदा केला. छत्रपती संभाजी महाराजांचं शौर्य आम्ही स्वतः वर्गात शिकवतो, त्याबद्दल प्रश्नच नाही. पण त्यानंतर औरंगजेबाच्या कबरीवरून वाद पेटला, १७ मार्चला नागपुरात हिंसाचार झाला आणि या सिनेमामुळे लोकांच्या भावना पेटल्याचं खुद्द मुख्यमंत्र्यांनी विधानसभेत सांगितलं. पुढे २२ एप्रिलला पहलगाममध्ये दहशतवाद्यांनी २६ निरपराध माणसं मारली. साऱ्या देशाला दुःख झालं, तसं आपल्यालाही झालं. पण आपल्या घरांत दुःखासोबत धास्तीही होती. त्या आठवड्यात सिनेमाचं नाव काढलं तेव्हा आमच्या पाचवीतल्या मुलाने विचारलं, “अब्बू, तिथे आपलं नाव विचारतील का?” या प्रश्नावर आम्हांला लगेच काही बोलता आलं नाही.

तरी आम्ही गेलो. कारण त्या शुक्रवारी, २५ एप्रिलला, ‘फुले’ लागला होता.

हा सिनेमा मुळात जोतीरावांच्या जयंतीला, ११ एप्रिलला येणार होता. काही ब्राह्मण संघटनांनी आक्षेप घेतले, सेन्सॉर बोर्डाने बदल सुचवले, काही जातींची नावं आणि ‘पेशवाई’सारखे शब्द काढायला लावले, आणि तारीख दोन आठवडे पुढे गेली. ज्या माणसाने आयुष्यभर जातीविरुद्ध लढा दिला, त्याच्या सिनेमात जातीचं नाव घ्यायला अडचण! असो. अनंत महादेवन यांचं दिग्दर्शन सरळ, थोडं संथ आहे. काही संवाद भाषणासारखे वाटतात. प्रतीक गांधी आणि पत्रलेखा यांनी मात्र जोतीराव-सावित्रीबाई मनापासून उभे केले आहेत.

आमचं लक्ष फातिमा शेख यांच्याकडे होतं. अक्षया गुरव यांनी केलेली ही भूमिका छोटी आहे, पण आहे. वडिलांनी घराबाहेर काढल्यावर फुले दांपत्याला उस्मान शेख यांच्या घरात आसरा मिळाला, हेही त्यात आहे. याच वर्षी जानेवारीत लेखक दिलीप मंडल यांनी ‘फातिमा शेख हे पात्र मीच रचलं’ असा दावा करून गोंधळ उडवला होता. अशा वेळी शिक्षक म्हणून एक गोष्ट सांगायला हवी. सावित्रीबाईंनी १८५६ साली माहेरून जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात फातिमाचा उल्लेख आहे आणि ते पत्र सावित्रीबाईंच्या समग्र वाङ्मयात १९८८ पासून छापलेलं आहे. त्यांच्याबद्दलची माहिती थोडी आहे हे खरं. पण थोडी माहिती असणं वेगळं आणि माणूसच नसणं वेगळं. जोतीरावांची मधेच सुटलेली शाळा पुन्हा सुरू व्हावी म्हणून त्यांच्या वडिलांची समजूत घालणाऱ्यांत गफार बेग मुन्शी होते, हेही आपल्या मुलांना ठाऊक असावं.

पण ‘फुले’ आमच्या गावात लागलाच नाही. एसटीने जिल्ह्याच्या ठिकाणी जावं लागलं, दुपारी साडेबाराचा एकच शो. थिएटरमध्ये मोजून अठरा माणसं होती. ओळखीचं कुणी नव्हतं. ईदला भेटलेला अर्धा मोहल्ला आम्हांला आठवला. आणि हो, नाव कुणीच विचारलं नाही. शेजारच्या आजींनी धाकट्याला चिक्की दिली.

दुसरा सिनेमा मराठी, १ मे रोजी आलेला ‘आता थांबायचं नाय!’. मुंबई महापालिकेतले चतुर्थ श्रेणीचे कामगार, म्हणजे झाडू मारणारे, गटारं साफ करणारे, रात्रशाळेत जाऊन दहावीची परीक्षा देतात. गोष्ट खऱ्या घटनेवर बेतलेली आहे. शिवराज वायचळ यांचं दिग्दर्शन, भरत जाधव आणि सिद्धार्थ जाधव मुख्य भूमिकेत, आशुतोष गोवारीकर त्यांना शिकायला लावणारे अधिकारी. पूर्वार्धात हसून पोट दुखतं, उत्तरार्धात डोळे पुसावे लागतात. शेवट थोडा गोड केला आहे, पण चालतं. पन्नाशीचा माणूस गणिताच्या वहीसमोर घाबरून बसतो, ते पाहताना आम्हांला आमच्या वर्गात शेवटच्या बाकावर बसणारी पोरं दिसली. रात्रभर काम करून आलेल्या माणसाला ‘अभ्यास का नाही केला’ विचारण्याआधी मास्तरांनी काय विचारायला हवं, हे या सिनेमाने आम्हांला शिकवलं. बी.एड.ला कुणी शिकवलं नव्हतं.

मधे ६ जूनला, बकरी ईदच्या आदल्या दिवशी, ‘हाऊसफुल ५’ आला. एकाच सिनेमाचे दोन वेगळे शेवट, ए आणि बी! अक्षय कुमारचा विनोदी सिनेमा म्हणून भाऊ-भावजयींसह सगळे ईदनंतर गेलो आणि अर्ध्या तासात भावजय मान खाली घालून बसली. विनोद असे की नववीतल्या मुलीशेजारी बसून पाहवत नाहीत. चूक आमचीच. आता सेन्सॉर बोर्ड प्रमाणपत्रावर ७+, १३+, १६+ असं वय छापतं. तिकीट काढण्याआधी ते पाहायची सवय आपण सगळ्यांनीच लावून घ्यायला हवी. थिएटर मात्र इथेही भरलेलं होतं.

शेवटचा ‘सितारे जमीन पर’, २० जूनला आलेला. शाळा सुरू झाली होती, म्हणून रविवारी गेलो. आर. एस. प्रसन्ना यांचा हा सिनेमा ‘चॅम्पियन्स’ या २०१८च्या स्पॅनिश सिनेमावरून घेतलेला आहे. दारू पिऊन गाडी ठोकणाऱ्या प्रशिक्षकाला कोर्ट शिक्षा देतं ती बौद्धिक दिव्यांग खेळाडूंना बास्केटबॉल शिकवायची. आमिर खानसोबतचे दहा खेळाडू खरोखरच असे कलाकार आहेत आणि सिनेमाचा जीव त्यांच्यात आहे. सिनेमा लांबला आहे, एकच शिकवण चार वेळा सांगतो. पण संघात करीम नावाचा एक मुलगा आहे आणि त्याचं मुसलमान असणं हा सिनेमाचा विषयच नाही. तो ना गुन्हेगार, ना देशभक्ती सिद्ध करणारा. बाकीच्यांसारखाच एक खेळाडू. पडद्यावर आपल्याला एवढंच तर हवं असतं.

आता या तिघांना शेजारी ठेवून पाहा. ‘फुले’मधल्या मुली आणि अस्पृश्य मानलेली मुलं, दुसऱ्यातले सफाई कामगार, तिसऱ्यातले दिव्यांग खेळाडू. तिघांनाही कुणीतरी सांगितलं होतं की शिकणं हे तुमचं काम नाही. तिन्ही सिनेमे एकच विचारतात: शाळेच्या बाकावर बसायचा हक्क कुणाचा?

हा प्रश्न आपला नाही का? किती मोहल्ल्यांत मुलींचं शिक्षण सातवीला थांबतं, कारण गावची उर्दू शाळा सातवीपर्यंतच आणि पुढची शाळा बसने जायच्या अंतरावर. किती घरांत दिव्यांग मूल पाहुणे आले की आतल्या खोलीत नेलं जातं. किती पोरं नववीतून गॅरेजवर जातात. हे करणारं कुणी बाहेरचं नाही, आपणच आहोत.

सिनेमात आपल्याला खलनायक म्हणून दाखवतात, ही तक्रार आपण करतो. ती खोटी नाही आणि ती करत राहायलाच हवी. पण ज्या सिनेमात फातिमा आणि उस्मान शेख माणुसकीच्या बाजूने उभे आहेत, त्याला आपण गेलो नाही. आमच्या ईदच्या ‘सिकंदर’ला जेवढे लोक होते, त्यांतले पन्नास जरी जिल्ह्याला आले असते, तर त्या थिएटरवाल्याने दुसरा शो लावायचा विचार केला असता. तिकीटबारीवर नुसती तक्रार ऐकू जात नाही, गर्दी दिसते. आणि धास्तीबद्दल म्हणाल, तर ती आमच्याही मनात होती. घरात बसून ती वाढते, बाहेर पडल्यावर काही वेळा चिक्की मिळते.

आता घरची एक गोष्ट सांगून थांबतो. ‘आता थांबायचं नाय!’ पाहायला मुलांची खाला आमच्यासोबत होती. वय अडतीस, सातवीनंतर शाळा सुटलेली, आता घरी शिलाईकाम करते. परत येताना एसटीत ती एक शब्द बोलली नाही. आठवड्याने आली ती प्लास्टिकच्या पिशवीत घडी केलेला शाळा सोडल्याचा दाखला घेऊन. म्हणाली, “भाईजान, ये चलेगा क्या?”

चालतो. राज्य मंडळाचा सतरा नंबरचा फॉर्म भरून, शाळेत न जाता, खाजगी विद्यार्थी म्हणून दहावीला बसता येतं. अर्ज ऑनलाइन भरायचा असतो. शाळा सोडल्याचा दाखला, आधार कार्ड, फोटो आणि फी लागते. दरवर्षी अर्जाच्या तारखा मंडळ जाहीर करतं, त्यावर लक्ष ठेवावं आणि जवळच्या हायस्कूलच्या कार्यालयात विचारावं. आपल्या घरात, गल्लीत असा एखादा दाखला ट्रंकेत पडलेला असेल, तर तो या पावसाळ्यात बाहेर काढा.

खालाने गणिताचं पुस्तक नेलं आहे. आमची नववीतली मुलगी तिला रोज मगरिबनंतर तासभर शिकवते. अपूर्णांकांवर गाडी अडली आहे, पण थांबलेली नाही.