डेड स्टॉकमधली भिंगं

दुर्बीण बनवणं ही काही फक्त परदेशातली हौस नाही. पुण्याच्या आयुकात अरविंद परांजपे यांच्या मार्गदर्शनाखाली कार्यशाळा झाल्या, त्यात लोकांनी स्वतःच्या हातांनी आरसे घासून दुर्बिणी बनवल्या. पण दुर्बीण झाली तरी एक घोळ उरतोच. तिच्यातून आकाशाचा जेमतेम एक अंशाचा तुकडा दिसतो. मग त्यात देवयानी दीर्घिका आणायची कशी? त्यासाठी वर फाइंडर बसवतात, म्हणजे कमी पॉवरची, पण जास्त आकाश दाखवणारी छोटी दुर्बीण. तो विकत घ्यावा असं मला मुळीच वाटत नाही.

हातातून पडलेल्या बायनॉक्युलरचं प्रिझम सरकतं. एकाची दोन चित्रं दिसतात, डोकं दुखतं आणि वस्तू माळ्यावर जाते. भिंगं मात्र बहुतेक वेळा ठणठणीत असतात! एका ७×५० मधून दोन फाइंडर निघतात. प्रिझममध्ये प्रकाश घड्या घालत जातो म्हणून बायनॉक्युलर आखूड असते. प्रिझम काढलं की नळी लांब लागते, साधारण वीतभर पीव्हीसी पाइप. चित्र उलटं दिसतं, पण तारे उलटे दिसले म्हणून कोणाचं काय बिघडतं? आयपीसच्या फोकसवर तांब्याच्या बारीक तारेची फुली लावायची, झालं. (सूर्याकडे मात्र चुकूनही रोखायचा नाही.)

जत्रेतली प्लास्टिकच्या भिंगांची नको, ताऱ्याभोवती रंगीत झालर येते. लाल चकाकणाऱ्या भिंगांचीही नको. आणि चांगली चालू बायनॉक्युलर फोडणं म्हणजे पापच.

काही सीनियर म्हणतात, लाल ठिपक्याचा फाइंडर पुरे. वांगणीला पुरेल, जिथे खगोल मंडळाचे रात्रभर आकाशदर्शनाचे कार्यक्रम होत आलेत. पनवेलच्या उजेडात नुसत्या डोळ्यांना तारेच मोजके दिसतात, ठिपका ठेवणार कशावर? ५० मिमीचं भिंग डोळ्याच्या बाहुलीपेक्षा सुमारे ५० पट प्रकाश गोळा करतं.

आता मुद्द्याचं. आपल्या लॅबच्या कपाटात अशी मोडकी उपकरणं वर्षानुवर्षं पडून आहेत. डेड स्टॉक रजिस्टरला नोंद आहे म्हणून हात लावायचा नाही. व्हायव्हाला मात्र अ‍ॅक्रोमॅटिक भिंग म्हणजे काय ते विचारणार! सर, निर्लेखन झाल्यावर ती किलोवर भंगारवाल्याला देण्याऐवजी आम्हाला द्या. स्क्रूड्रायव्हर आमचा. रेक्टर सरांनाही एक विनंती: पावसाळा संपला की रात्री दहानंतर टेरेसची किल्ली लागेल.