सुटीच्या दिवशीचे पार्सल



ईदचा किंवा दिवाळीचा दिवस डोळ्यांसमोर आणा. जामनेरच्या बाजारपेठेत एरवी किती गजबज असते! पण सणाच्या दिवशी बहुतेक हॉटेले बंद असतात. भट्ट्या थंड असतात. कारागीर आपापल्या गावी गेलेले असतात. एखादेच हॉटेल उघडे असते आणि त्याच्यासमोर पार्सल नेणाऱ्यांची गर्दी होते. कोणाला शेवभाजी हवी असते, तर कोणाला बिर्याणी. अशा दिवशी हॉटेलातून जेवण आणावे की नाही? प्रश्न छोटा आहे, पण त्याचे उत्तर विचार करूनच द्यावे लागते.

काही लोक म्हणतात, "सणासुदीला बाहेरचे कशाला? घरचेच खावे." हे ऐकायला चांगले वाटते. पण घरचे जेवण आपोआप तयार होत नाही. ईदच्या दिवशी अम्मी पहाटे उठून शीरखुर्मा करते. दिवसभर पाहुण्यांची ये-जा असते. बासी ईदलाही तिने पुन्हा तेच करावे का? घरातल्या सर्वांना सुटी आणि तिला मात्र दुप्पट काम, हा न्याय नव्हे. एका वेळच्या पार्सलमुळे तिला विश्रांती मिळत असेल, तर त्यात काहीही वाईट नाही.

आता दुसरी बाजू पाहू. आपण घरी बसून गरम जेवण जेवतो, तेव्हा कोणीतरी भट्टीसमोर घाम गाळत असतो. कोणीतरी भांडी घासत असतो. त्यालाही घर आहे आणि त्याचाही सण आहे. दुकाने व आस्थापना यांच्यासाठी महाराष्ट्रात 2017 साली नवा कायदा झाला. त्याने वर्षाचे 365 दिवस दुकान उघडे ठेवण्याची मुभा दिली. पण त्याच कायद्यात कामगाराला आठवड्यातून एक सुटी आणि वर्षातून 8 पगारी सुट्या सांगितल्या आहेत. 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबर या त्यांपैकी 4 सुट्या होत. उरलेल्या 4 मालक व कामगार यांनी मिळून ठरवायच्या असतात. मात्र लहान हॉटेलांतील कामगार या तरतुदींच्या बाहेर राहतात. त्यांची सुटी मालकाच्या आणि गिऱ्हाइकांच्या समजूतदारपणावर अवलंबून असते. म्हणूनच एखादे हॉटेल सणाला बंद दिसले, तर चिडू नका. त्या बंद दारामागे कोणाची तरी ईद किंवा दिवाळी साजरी होत असते.

आपल्यासारख्या मिश्र वस्तीच्या गावांत एक चांगली सोय आपोआप झाली आहे. ईदला काहींची हॉटेले बंद असतात, तेव्हा दुसऱ्यांची उघडी असतात. लक्ष्मीपूजनाला त्यांची बंद असतात, तेव्हा पहिल्यांची उघडी असतात. एकाच्या सुटीचा भार दुसरा उचलतो.

काही लोकांसाठी तर पार्सल ही चैन नसून गरज असते. मुक्कामी आलेले एस. टी. चे चालक-वाहक, रुग्णालयात रुग्णाजवळ बसलेले नातेवाईक, परगावचे मजूर यांनी सणाच्या दिवशी कोठे जेवावे? 2020 च्या टाळेबंदीत ही अडचण साऱ्या देशाने अनुभवली. हॉटेलात बसून जेवणे बंद झाले होते. महाराष्ट्र शासनाने 26 जानेवारी 2020 रोजी शिवभोजन योजना सुरू केली होती. तिच्यात दोन चपात्या, भाजी, वरण आणि भात 10 रुपयांत मिळत असे. टाळेबंदीत ही किंमत 5 रुपये करण्यात आली आणि थाळी पार्सल म्हणून दिली जाऊ लागली. त्या दिवसांत अनेकांचे पोट त्या पुड्यावर भरले.

पार्सल आणताना आरोग्याचेही भान हवे. गर्दीच्या दिवशी अन्न तासन्‌तास तयार ठेवलेले असू शकते. शिजवलेले अन्न खोलीच्या सामान्य तापमानाला दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. वर्तमानपत्रात बांधलेली भजी घेऊ नका. छपाईची शाई तेलात उतरते व पोटात जाते. गरम रस्सा पातळ प्लॅस्टिक पिशवीत भरून घेणे तर अगदीच चुकीचे. महाराष्ट्रात 2018 साली प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली. घरातला स्टीलचा डबा नेला की हे सारे प्रश्न सुटतात.

मग आपण काय करावे? माझे मत असे आहे: सणाला पार्सल जरूर आणा, पण रोजची सवय म्हणून नको, गरज पाहून आणा. आदल्या दिवशी सांगून ठेवा, म्हणजे कारागीराला वेळेवर घरी जाता येईल. डबा आपला न्या. पार्सल देणाऱ्याशी अदबीने बोला आणि त्याला सणाच्या शुभेच्छा द्या. जेवणानंतरची भांडी मात्र अम्मीसाठी ठेवू नका. मुलगा असो की मुलगी, सर्वांनी मिळून ती घासा.

आणखी एक गोष्ट करून पाहा. घरी शीरखुर्मा झाला, की त्यातला एक डबा बसस्थानकावर किंवा रुग्णालयात पोहोचवा. शेजारी डबा गेला, की तो रिकामा परत येत नाही, हे तुम्हांला ठाऊकच आहे. पण परगावच्या माणसाकडून काही परत येण्याची अपेक्षा नसते. त्या दिवशी सारी हॉटेले बंद असली, तरी गावात एकही माणूस उपाशी राहणार नाही, एवढे आपल्याला नक्कीच करता येईल.