समुद्राचे गायरान : नियम झाले, राखण कोण करणार?

४ नोव्हेंबर २०२५ रोजी केंद्र सरकारने खोल समुद्रातील मासेमारीचे नवे नियम अधिसूचित केले. किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंतचा समुद्र राज्याच्या अखत्यारीत येतो. त्यापुढे २०० मैलांपर्यंतच्या पट्ट्यावर केंद्राचा अधिकार चालतो आणि हे नियम त्या पट्ट्यासाठी आहेत. एलईडी दिव्यांची मासेमारी आणि दोन नौकांनी मिळून जाळे ओढण्याची पद्धत यांवर बंदी आहे. यांत्रिकी नौकांना ऑनलाइन पास काढावा लागेल, पारंपरिक आणि लहान मोटारबोटींना त्यातून सूट आहे. मच्छीमार सहकारी संस्थांना प्राधान्य देण्याची भाषाही त्यात आहे.

जळकोटला समुद्र नाही. आमच्याकडे मासळी येते ती नदी-धरणातली. मग या नियमांवर आम्ही का लिहावे, असे कोणीही विचारेल. आम्हाला हा प्रश्न ओळखीचा वाटतो, कारण समुद्र हे एक मोठे गायरान आहे. सातबाऱ्यावर कोणा एकाचे नाव नाही, पोट मात्र हजारोंचे त्यावर चालते. अशा सामायिक संपत्तीचे पुढे काय होते, हे मराठवाड्यातल्या भूमिहीनांना कोणी शिकवायला नको. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४ मध्ये भूमिहीनांचे सत्याग्रह झाले. पुढे १४ एप्रिल १९९० पर्यंतची दलित-आदिवासी भूमिहीनांची अतिक्रमणे नियमित करण्याचा शासन निर्णयही निघाला. तरीही गायरान कसणारी कितीतरी कुटुंबे आजही नोटिशीच्या धाकात जगतात. निर्णय कागदावर असणे आणि हक्क हातात असणे यात किती अंतर असते, हे आपण भोगले आहे.

समुद्रातही हेच अंतर आहे. पर्ससीन जाळे म्हणजे काय, हे आधी समजून घेऊ. माशांच्या थव्याभोवती मोठ्या गोलात जाळे टाकतात आणि खालची दोरी ओढून बटव्यासारखे त्याचे तोंड आवळतात. बांगडा, तारलीचा अख्खा थवा एका फेरीत हाती लागतो. एलईडीच्या प्रखर उजेडाने मासळी गोळा करून तीच पद्धत वापरली, तर लहान होडीवाल्याच्या वाट्याला उरते काय? डॉ. सोमवंशी समितीने अभ्यास करून २०१२ मध्ये महाराष्ट्रातील पर्ससीन नौकांची संख्या टप्प्याटप्प्याने १८२ पर्यंत खाली आणायला सांगितले. ५ फेब्रुवारी २०१६ रोजी राज्याने निर्बंध घातले. २०१७ मध्ये केंद्राने एलईडी मासेमारीवर बंदी आणली. २०२१ मध्ये राज्याने १९८१ च्या सागरी मासेमारी कायद्यातला दंड लाखांच्या घरात नेला. आता २०२५ मध्ये एलईडीवर पुन्हा बंदी! एकाच गोष्टीवर आठ वर्षांनी पुन्हा बंदी घालावी लागते, तेव्हा पहिली बंदी पाण्यात उतरलीच नव्हती, एवढाच त्याचा अर्थ.

पापलेटचेही तसेच. सप्टेंबर २०२३ मध्ये सरकारने त्याला राज्यमासा जाहीर केले. त्याच वर्षी केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या शिफारशींच्या आधारे ५४ जातींच्या माशांसाठी किमान आकार ठरवला गेला. शास्त्र साधे आहे. माशाला निदान एकदा अंडी घालू द्या, मग पकडा. बारीक आसाच्या पारंपरिक डोल जाळ्यातही पिल्ले अडकतात, म्हणून हा नियम लहान-मोठ्या सर्वांनाच पाळावा लागेल. पण तपासणी बाजारातल्या कोळणीच्या टोपलीपाशी कडक आणि बंदरातल्या मोठ्या नौकेपाशी सैल असेल, तर तो न्याय म्हणता येणार नाही.

आपल्या चळवळीला हा धडा नवा नाही. ४ ऑगस्ट १९२३ ला बोले ठराव मंजूर झाला आणि सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले झाले, कागदावर. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेनेही चवदार तळे खुले केले, तेही कागदावरच. प्रत्यक्ष पाण्यापर्यंत जायला २० मार्च १९२७ उजाडावा लागला, संघटित माणसे लागली आणि पुढे १९३७ पर्यंत न्यायालयात लढावे लागले.

आणखी एक गोष्ट तपासायला हवी. एप्रिल २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा दिला. निर्णय स्वागतार्हच आहे. पण शेतीच्या सवलती सातबाराधारकाला मिळतात आणि शेतमजूर बाहेर राहतो, हे आपण पिढ्यानपिढ्या पाहतो आहोत. मग वीज, कर्ज, विम्याच्या सवलती नौकेच्या मालकापाशीच थांबणार का? नौकेवर राबणारा खलाशी आणि मासळी विकणारी बाई यांची नोंद कोणत्या कागदावर होणार? कोळी, भोई, गाबीत, दालदी असे अनेक समाज या व्यवसायात आहेत. त्यांच्यातल्या मजुराचा प्रश्न आणि आमच्या शेतमजुराचा प्रश्न एकाच जातकुळीचा आहे.

समुद्राच्या अभ्यासाशी आपला थेट संबंधही आहे. आमच्या शिवारातला पाऊस अरबी समुद्र आणि बंगालच्या उपसागरावरून येतो. प्रशांत महासागरात एल निनो बळावला की अनेकदा पाऊस ओढ देतो. २०२३ चा कोरडा ऑगस्ट आपण विसरलेलो नाही. समुद्राच्या तापमानाची नोंद ठेवणारे राष्ट्रीय केंद्र, इन्कॉइस, हैदराबादला आहे. जळकोटवरून जाणारा महामार्ग त्याच शहराला पोहोचतो. १९६६ मध्ये स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था गोव्यात काम करते, मुंबईत वर्सोव्याला केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था आहे. शेजारच्या लातूर जिल्ह्यात उदगीरला मत्स्यविज्ञान महाविद्यालय आहे. आमची मुले स्पर्धा परीक्षेच्या एकाच रांगेत वर्षानुवर्षे उभी राहतात आणि या दारांची त्यांना माहितीही नसते. किती मासे उरले, बंदरामुळे किती बुडाले, हे ठरवणाऱ्या टेबलावर आपली माणसे नसतील, तर आकडे दुसऱ्याच्या सोयीने मांडले जातील.

म्हणून कार्यकर्त्यांना तीन गोष्टी सुचवतो. बारावी विज्ञानाच्या मुलांपर्यंत या संस्थांची माहिती, प्रवेश परीक्षा आणि राखीव जागा पोहोचवा. एलईडी आणि पर्ससीनवर वर्षभरात किती कारवाया झाल्या, किती दंड वसूल झाला, हे माहिती अधिकारात मत्स्यव्यवसाय विभागाला विचारा. अर्ज धाराशिवहूनही करता येतो. आणि लहान मच्छीमारांच्या आंदोलनाला आपल्या व्यासपीठावर जागा द्या. गायरानासाठी लढताना आपल्याला जशी सोबत हवी असते, तशीच ती त्यांनाही हवी आहे.