डब्यावरचं लेबल

सिकलसेलवर आपल्याकडे संशोधनच झालेलं नाही, असं कोणी म्हणालं की माझी चिडचिड होते. झालंय हो, भरपूर झालंय. सापडत नाही, ही खरी रड आहे.

ज्यांना या आजाराची ओळख नाही (आमचे निम्मे नातेवाईक यात येतील) त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. हिमोग्लोबिनमध्ये जन्मतःच एक बारीकसा फरक असतो. त्यामुळे प्राणवायू कमी पडला की तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि माणूस वेदनेनं तळमळतो. हा दोष आईवडील दोघांकडूनही आला तर आजार. एकाकडूनच आला तर माणूस नुसता 'वाहक', एरवी बहुधा धडधाकट. महाराष्ट्रात हे दुखणं जास्त करून विदर्भात आणि नंदुरबारकडे, आदिवासी पाड्यांवर.

भारतात याचा माग लागला १९५२ साली. लेहमन आणि कटबुश यांना तो निलगिरीच्या आदिवासींत आढळला. त्याच वर्षी आसामच्या चहामळ्यांतल्या मजुरांवरचा लेख 'इंडियन मेडिकल गॅझेट'मध्ये आला. ते गॅझेट कधीच बंद पडलं, पण त्याचे जुने अंक स्कॅन करून पबमेड सेंट्रलवर ठेवले आहेत. म्हणजे सत्तर वर्षांपूर्वीचा लेख मी घरबसल्या चहा पिता पिता वाचू शकते. (चहामळ्यातल्या मजुरांचं दुखणं, चहा पिता पिता... असो.)

आता याच्या उलट ऐका. माझी भाची एका प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टर आहे. तिला आपल्याच तालुक्यात पूर्वी झालेल्या तपासणीचे आकडे हवे होते. तपासणी झाली होती हे नक्की, कारण गावातल्या बायांना बोटाला सुई टोचल्याचं चांगलं आठवत होतं. कागद मात्र कुठेच नाहीत. या कार्यालयानं त्या कार्यालयाकडे बोट दाखवलं, तिथले साहेब बदलून गेलेले. "मावशी, तुला गूगलवर शोधायची हौस आहे ना, बघ जरा," म्हणाली. आठवडाभर बघितलं, हाती काही लागलं नाही. शेवटी तिनं नव्यानं तपासणी लावली. त्याच बाया, तीच बोटं, पुन्हा सुई.

शोधायला बसलं की कळतं गुंता किती आहे ते. 'अ‍ॅनिमिया'चं स्पेलिंग इंग्लंडात एक, अमेरिकेत दुसरं. 'सिकल सेल' कोणी जोडून लिहितं, कोणी तोडून, कोणी मध्ये रेघ देऊन. कोणी नुसतं 'हिमोग्लोबिन एस' लिहून मोकळं होतं. शिवाय आपले जिल्हे! गडचिरोली १९८२ मध्ये चंद्रपुरातून वेगळा झाला, नंदुरबार १९९८ मध्ये धुळ्यातून. त्याआधीची नंदुरबारची माहिती धुळ्याच्या नावावर पडून असणार, आणि हे संगणकाला कोण सांगणार?

बरं, आकडा सापडला तरी तो कशाचा ते कळायला हवं. सोल्युबिलिटी चाचणीत रक्ताचं द्रावण गढूळ झालं की दोष आहे एवढंच समजतं. रुग्ण की वाहक, हे सांगायला इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी लागते. तान्ह्या बाळांत तर सोल्युबिलिटी चाचणी फसते, कारण त्यांच्या रक्तात गर्भातलं हिमोग्लोबिनच जास्त असतं. तेव्हा 'इतके टक्के पॉझिटिव्ह' एवढंच लिहिलेला कागद म्हणजे झाकणावर काही न लिहिलेला डबा. आत साबुदाणा आहे की वरी, उघडल्याशिवाय कळत नाही.

कोणी म्हणेल, जुने आकडे घेऊन काय लोणचं घालायचंय? औषधाचंच बघा. हायड्रॉक्सियुरिया अमेरिकेत साधारण किलोमागे १५ ते २० मिलिग्रॅमपासून सुरू करून वाढवत नेतात. नागपूरला डॉ. दीप्ती जैन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीव्र आजार असलेल्या मुलांना किलोमागे १० मिलिग्रॅमच, न वाढवता दिलं, आणि चांगला गुण आला. २०१२ मध्ये ते छापून आलं. कमी मात्रा म्हणजे कमी खर्च, कमी दुष्परिणाम. भारतीयांचा सिकलसेल सौम्यच असतो असं बरीच वर्षं धरून चालत. विदर्भातल्या रुग्णांनी ते सरसकट खरं नाही हेही दाखवलं. हे सगळं इथल्या माणसांच्या नोंदींतूनच कळलं ना? परदेशी पुस्तकात नव्हतं ते.

२०२३ मध्ये सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान सुरू झालं. चाळिशीपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी करायचं त्याचं उद्दिष्ट. एवढ्या नोंदी पुन्हा बिननावाच्या डब्यांत गेल्या तर?

यावर लगेच ऐकू येतं की अशी माहिती उघडी टाकणं धोक्याचं आहे. शंभर टक्के मान्य! चाळीस घरांच्या पाड्यावर 'बारा वर्षांची मुलगी, रुग्ण' एवढं लिहिलं तरी ती कोण हे सगळ्यांना कळतं, आणि पुढे तिचं लग्न जमवताना तेच आडवं येतं. पण मी डबा उघडा म्हणतच नाहीये. लेबल लावा म्हणतेय. २०१६ मध्ये मांडलेली 'फेअर' तत्त्वंही हेच सांगतात: माहिती कुलपात असली तरी ती आहे, कुठे आहे आणि कोणाला विचारायचं, हे सगळ्यांना दिसलं पाहिजे. 'सिकल इन आफ्रिका' या प्रकल्पानं तर अनेक देशांच्या रुग्णांची सामाईक नोंदवही केली आणि आजाराचे शब्दही एकसारखे ठरवायला घेतले. आपल्याला एका राज्यापुरतं जमू नये?

लेबल तरी केवढं? तपासणी कोणत्या साली, कोणत्या तालुक्यात (तेव्हाचा जिल्हा आणि आत्ताचा जिल्हा, दोन्ही), कोणत्या वयाचे किती लोक, कोणती चाचणी, कागद कोणाकडे. एका पोस्टकार्डावर मावेल. एखाद्या वैद्यकीय महाविद्यालयानं आपल्या कपाटातल्या प्रबंधांपासून सुरुवात केली तरी चालेल.

त्यात एक रकाना माझ्या भाचीनं सुचवलाय: ज्यांचं रक्त घेतलं त्यांना निकाल सांगितला का, आणि कधी. तिच्या गावातल्या त्या बायांना अजून कोणी सांगितलेला नाही.